ओल्या कापसाचा वास

नखाच्या कडेला ती येऊन थांबली — तांदळाच्या दाण्याएवढी, करडी, पाठीवर एकाला एक जोडलेले तीन फिकट चौकोन — आणि दोन्ही मिशा पुढे काढून नखाच्या खाचेत काहीतरी चाचपू लागली. लाल बल्बच्या उजेडात दीपमालाला आपलं बोट दुसऱ्याच कुणाचं असावं तसं दिसत होतं. नखाखालची पिवळी रेघ या उजेडात काळी झाली होती, आणि पतंगाची ती मादी त्या रेघेवर पाय आपटत होती, थांबत होती, पुन्हा आपटत होती... दार ठोठावल्यासारखी. झटकायला हवं होतं खरं. नळीतून निसटलेला पतंग अलगद धरून परत डबीत टाकायचा, हा नियम. पण दुपारी तीनच्या सुमाराला या काळ्या पडद्यांच्या खोलीत रोज येते ती गुंगी डोळ्यांवर उतरली होती, आणि बोटावरचं ते नसल्यासारखं वजन इतकं बरं वाटत होतं की ती नुसती बघत राहिली. मग मादीनं पोटाचं टोक वाकवलं, नखाच्या खाचेला टेकवलं आणि बाजूला झाली. तिथे एक ठिपका होता. खसखशीहून बारीक.

अंडं घातलं हिनं. माझ्या बोटावर.

आधी दीपमालाला हसूच आलं. ही जात कोबीवर अंडी घालणारी. कोबी, फुलकोबी, मुळा, मोहरी — एवढंच तिचं गोत, त्याबाहेर ती पाय ठेवत नाही. शेजारी वांग्याचं हिरवंगार शेत असलं तरी त्याच्यावरून अशी निघून जाते जशी काही तिथे माळरानच आहे. शिंगटे सर हे सांगताना स्वतःच हरवून जायचे, टेबलावरचा चहा निवून जायचा. सर म्हणायचे, वाऱ्यात वासाचा अखंड धागा नसतोच मुळी, तुटके तुकडे असतात. पतंग एक तुकडा पकडतो, तो हरवला की इकडून तिकडे झोके घेत शोधतो, दुसरा सापडला की वाऱ्याला तोंड करून पुन्हा पुढे सरकतो... काळोखात, डोळ्यांचा फारसा उपयोग नसताना, असा तुकड्या-तुकड्यानं तो पानापर्यंत पोचतो. आणि पोचल्यावरही विश्वास ठेवत नाही. मादी पायांनी चाचपते, मिशांनी चाचपते, खात्री झाली की मगच अंडं घालते. पतंगाला कुणी पगार देत नाही, दीपमाला, त्यामुळे त्याला खोटं बोलायचं कारण नाही — हे सरांचं आवडतं वाक्य, आणि प्रत्येक वेळी ते नव्यानं सुचल्यासारखं म्हणायचे.

खात्री झाली की मगच...

हसू ओठांवर तसंच राहिलं आणि मागून काहीतरी थंड चढत आलं. तिनं बोट नाकाशी नेलं. नेण्याची गरज नव्हती. गेला महिना-सव्वा महिना ती या काळोखात रोज हेच करत होती, चोरून, जणू खोलीत कुणी बघणारं आहे. ओली हळद, लिंबू, आणि या दोघांच्या मागून नाकात झणका मारत येणारी मोहरी — फेसलेली मोहरी. आई लोणच्याची मोहरी नुसती वाटत नाही, पाण्याचा हबका मारत फेसते. खलबत्त्यापाशी तिच्या डोळ्यांतून पाणी गळत असतं आणि तरी हात थांबत नाही. फेसल्याबिगर वास उठत न्हाई, असं तिचं म्हणणं. सरही पानाबद्दल तेच सांगतात, फक्त पुस्तकी भाषेत: पान चावलं, चुरडलं की वास उठतो. एक आष्ट्याच्या स्वयंपाकघरात बसून सांगते, एक साताऱ्याच्या या संशोधन केंद्रात, आणि दोघांची गाठ मी अशी घालून दिली.

कारण कापूस.

काचेची ती नळी गलोलीच्या आकाराची होती. दांड्याच्या टोकाला पतंग सोडायचा. दोन फाट्यांच्या टोकांना दोन बाटल्या जोडलेल्या, एकीत कोबीचं पान, दुसरी रिकामी. कोळशातून गाळलेली स्वच्छ हवा दोन्ही बाटल्यांमधून येते आणि दांड्यात मिसळते. पतंग चालत येतो, जिथे फाटा फुटतो तिथे थबकतो, मिशा हलवतो आणि एक वाट धरतो. दीपमालानं वहीत खूण करायची. साधं काम. पान ओलं असतं म्हणून रिकाम्या बाटलीतही तेवढीच ओल हवी, नाहीतर पतंग पाण्याच्या ओढीनं फसेल — म्हणून त्या बाटलीत ओल्या कापसाचा एक बोळा. पान चिमट्यानं ठेवायचं, हे सरांनी दहादा बजावलेलं. कापसाबद्दल कुणी काही बजावलं नव्हतं. कापूस ती पाण्यात बुडवून बोटांनी पिळायची... आणखी कशानं पिळतात कापूस?

सकाळी साधा कोबी. मग जेवणाची सुट्टी. दुपारी नंबर सात.

नंबर सात म्हणजे सरांची सहा वर्षं. दिसायला चारचौघांसारखा कोबी, गड्डा जरा चपटा. पण सरांच्या मनात होतं की याला तो वासच नाही, पतंगाला हा सापडणारच नाही, आणि सापडला नाही तर फवारायचं कशाला? महिनाभर दुपारच्या पतंगांनी सरांच्या मनासारखं केलं होतं. सकाळचे पतंग पानाकडे जात, दुपारचे पानाला पाठ फिरवून रिकाम्या बाटलीकडे. सरांनी वही बघितली की त्यांचा चेहरा असा उजळायचा की दीपमालालाही आपण काहीतरी पुण्याचं काम करतोय असं वाटायचं. फक्त मधे दोन दिवस बिनसलं होतं, दुपारचे पतंगही पानाकडे गेले होते. सर म्हणाले पंप कमी पडला असेल, थंडीही जास्त होती, आणि त्या दोन दिवसांवर लाल पेनानं तिरकी रेघ मारली. त्या दोन दिवसांत डब्यात लोणचं नव्हतं. आष्ट्याहून बरणी यायला उशीर झाला होता, आणि तिनं कोरडी चपाती-भाजी खाल्ली होती. वास नसलेल्या हातांनी त्या दोन दुपारी कशा भकास गेल्या ते तिला आत्ता, अगदी घड्याळासकट, आठवलं.

पंप कमी पडला नव्हता. सगळ्या महिन्यात खरे असे ते दोनच दिवस होते.

मादी बोटावरून उडाली आणि कुठेतरी पडद्याच्या काळोखात गेली. बाहेर लांब कुठेतरी ट्रॅक्टर चालू होऊन बंद पडला. तिला सकाळचा अर्जुना आठवला — कोरेगावकडचा शेतकरी, दोन एकर कोबी करणारा. उद्याच्या मेळाव्यात सर चाळीस जणांना नंबर सातची रोपं देणार होते, त्यातला एक. हा एक दिवस आधीच आला होता, चौकशीला. त्याचे डोळे लाल होते, पापण्यांच्या कडा सुजलेल्या. सर ऑफिसात फोनवर होते म्हणून तो तिच्यापाशी थांबला.

“दर चार दिसाला फवारा मारतुया बाई. डोळ्याची नुसती आग हुती. ह्या कोबीला फवारा लागत न्हाई म्हंत्यात सायेब. खरं हाय का?”

ती हो म्हणाली होती. विचार न करता, सहज, थोड्या अभिमानानंच. वर त्याला हेही सांगितलं होतं की मी स्वतः रोज बघते. तेव्हा अर्जुनानं दोन्ही हात जोडले होते — तिला, दीपमालाला — आणि तिला अवघडल्यासारखं झालं होतं, पण बरंही वाटलं होतं, खोटं कशाला बोला.

तो उद्या रोपं नेईल. फवारणार नाही. माघात त्याच्या शेतावरून संध्याकाळचा वारा वाहील, आणि त्या वाऱ्यात नंबर सातच्या वासाचे तुकडे असतील — असणारच, इतर कोबीसारखेच — आणि कुठून कुठून या करड्या माद्या झोके घेत येतील. पानांची चाळण होईल. अर्जुना बांधावर उभा राहील आणि त्याला तिचं हो आठवेल.

सांगायला हवं. आजच. हे इतकं सरळ होतं की त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, आणि तरी तिचं अंग स्टुलाला चिकटल्यासारखं झालं होतं. नोकरीचं भय होतं, नाही कशाला म्हणा. ती रोजंदारीवर, कायम करण्याचा कागद सरांच्या टेबलावर, त्यांची सही झाली की पुण्याला जायचा. पण ते भय ओळखीचं होतं, त्याच्याशी बोलता येत होतं. त्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं. सांगायचं म्हणजे नेमकं कोणतं वाक्य म्हणायचं? तिनं मनात जुळवून बघितलं: कापूस दूषित झाला. नमुन्यात गडबड झाली. मोहरीचा अंश... पण सर विचारतील, कुठून? आणि मग ते एकच वाक्य उरत होतं, आणि ते तोंडाशी आलं की जीभ आत ओढली जात होती.

पाचवीत होती. आष्ट्याची शाळा, मधली सुट्टी, मुलींची गोलात बसायची रीत. तिनं डबा उघडला आणि शेजारची सावकाश, फार न दाखवता, सतरंजीवर वीतभर सरकली. दुसरी नाकाला रुमालाचं टोक लावून म्हणाली, हिचा वास येतो. डब्याचा नव्हे. हिचा. आमची वस्ती कुठली, घरात तसबिरी कुणाच्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि वास हा शब्द त्या सगळ्यासाठी होता. दहा वर्षांच्या मुलीलाही हे कळतं, कुणी समजावून सांगावं लागत नाही. त्या दिवसापासून दीपमालानं स्वतःला घासलं. दोनदा आंघोळ, साबणाची वडी आठवड्यात संपायची, आई ओरडायची. कॉलेजात सांगलीला गेली तरी एसटीत कुणी शेजारी येऊन बसलं की ती आधी स्वतःचा श्वास ओढून बघायची. आणि इथे कामाला लागली तेव्हा पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं, साबण नको, पावडर नको, गजरा नको, या कामात माणसाला वास नसला पाहिजे, हात नुसत्या पाण्यानं धुवायचे. तिला किती हायसं वाटलं होतं... अशी जागा, जिथे कुणालाच वास नाही. तिनं तो नियम अक्षरशः पाळला. नुसतं पाणी. आणि नुसत्या पाण्यानं ओल्या हळदीचं लोणचं हाताचं जात नाही, जाणार नाही, आणि जाऊ नये असंच तिला वाटत होतं, हेही आता झाकून ठेवण्यात अर्थ नव्हता.

कारण आईचं तेवढंच येत होतं.

चौदा महिने झाले, आई बोलत नव्हती. मामाच्या सिद्धूला नकार दिला त्या दिवसापासून. सिद्धू विट्याच्या एका ओळखीच्या माणसाबरोबर कोइमतूरला सोनं गाळायच्या दुकानात होता. शांत, हसरा, निर्व्यसनी, त्याच्यात खोट काढायला जागाच नव्हती, हीच तर पंचाईत होती. दीपमालाला फक्त हे नको होतं. आईनं मात्र तिच्या पाळण्यापाशीच भावाला शब्द दिलेला. ‘शबूद दिलता म्या. आता तुजं तू बग,’ एवढं म्हणून आई चुलीकडे तोंड करून बसली ती बसलीच. दीपमाला साताऱ्याला आली. दिवाळीला घरी गेली तर आईनं वाढलं, अंथरूण घातलं, डोक्याला तेल लावलं, पण तोंडातून अक्षर नाही. आणि परतल्यावर पंधरा दिवसांनी सांगली-सातारा गाडीचा कंडक्टर दस्तगीर, आष्ट्याचाच, स्टँडवर हातात बरणी घेऊन उभा. त्यानं आधी केंद्रात फोन करून तिला बोलावून घेतलं होतं.

“आईनं दिलीया. काय सांगू का म्हनलं, तर नुसता हात हलवला तिनं.”

तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी. चिठ्ठी नाही, निरोप नाही. दस्तगीर आता काही सांगतही नव्हता, तोही हात हलवायचा. दीपमाला खोलीवर येऊन झाकण उघडायची आणि तो झणका नाकात शिरला की डोळ्यांत पाणी यायचं; मोहरीचं म्हणायचं, मोहरीनं येतंच. हळदीच्या फोडी आधी जाड असायच्या, आता बारीक बारीक येऊ लागल्या होत्या. आईचा राग उतरतोय की तिला कमी दिसायला लागलंय, की बसून बसून जास्त वेळ चिरते... या फोडींवरून ती काय काय वाचायची! बोलणं बंद करणं आईला जमलं होतं, एवढं मात्र तिला जमलं नव्हतं. आणि दीपमाला रोज एक फोड खायची, बोटं नुसती पाण्यात बुडवायची, आणि दुपारभर या काळोखात आईला हाताशी घेऊन बसायची. महिनाभर तीच वहीत शिरत होती.

किती वेळ गेला कळलं नाही. मग ती उठली, आणि उठल्याचं तिलाच नवल वाटलं. कोबीचं पान तिनं काढून टाकलं. दोन्ही बाटल्या रिकाम्या केल्या. एकीत चिमट्यानं बुडवलेला कापूस, ज्याला कुणाचा हात लागला नाही. दुसरीत आपल्या बोटांनी पिळलेला. याची परवानगी कुणी दिली नव्हती, असा प्रयोग सरांच्या कागदावर कुठे नव्हता. अजून मनात एक कोपरा होता जो म्हणत होता, होऊ दे काही नाही, जाऊ देत दोन्हीकडे सारखे, म्हणजे सगळं होतं तसं राहील. तिनं पंप चालू केला. आठ माद्या, एकामागून एक.

पहिली दांड्यातून निघाली, मधेच बसली, मिशा साफ करत राहिली. दीपमालाला वाटलं, ही येणार नाही. मग कुठून तरी एक तुकडा तिच्यापर्यंत आला असावा. ती ताठ झाली, मिशा पुढे आल्या, आणि चालू लागली — घाई नाही, शंका नाही, रस्ता माहीत असल्यासारखी. फाट्यापाशी थबकली. डोकं इकडे, तिकडे. आणि वळली. दुसरी आली, वळली. तिसरी. काचेतून ती लाल, धूसर, चालणारी रांग बघता बघता दीपमालाला कसंतरीच होऊ लागलं. भीती कुठे सापडत नव्हती, ती शोधत होती तरी. आष्ट्याच्या स्वयंपाकघरात एक बाई डोळे पुसत मोहरी फेसते, तिचा वास बरणीतून, एसटीच्या खिडकीपाशी, दस्तगीरच्या मांडीवर, कराडवरून साताऱ्याला येतो, बोटाला लागतो, पाण्याला पुरून उरतो, कापसात शिरतो, आणि या इवल्याशा जिवांना, ज्यांना वस्ती ठाऊक नाही, तसबिरी ठाऊक नाहीत, तो खरा वाटतो... अंडं घालण्याइतका खरा. आठांपैकी सात तिच्या कापसाकडे गेल्या. आठवी फाट्यावरच बसली होती, आणि दीपमालानं तिला तिथेच राहू दिलं.

तिनं वहीत लिहिलं. शून्य, सात, एक. खाली तारीख. आणि बाटल्यांपुढे आजवर लिहायची तसं ‘पान’ आणि ‘रिकामी’ न लिहिता, थोडं थांबून, ‘चिमट्याचा कापूस’ आणि ‘माझ्या हाताचा कापूस’ असं लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं.

बाहेर आली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि डोळे दिपून काही वेळ सगळं पांढरं दिसलं. रोपवाटिकेच्या मांडवाखाली शिंगटे सर उकिडवे बसून रोपांच्या जुड्या ओल्या गोणपाटात गुंडाळत होते. पँटच्या पायांना चिखल, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. चाळीस जुड्या. बऱ्याचशा बांधून झाल्या होत्या. गुंडाळण्याआधी ते प्रत्येक जुडी क्षणभर हातावर तोलून बघत होते, आणि स्वतःशी काहीतरी गुणगुणत होते. दीपमालाला त्यांचं इतकं वाईट वाटलं की परत फिरावंसं वाटलं. या माणसानं तिला कधी दारात उभं केलं नव्हतं, तिच्या हातचा चहा कधी नाकारला नव्हता. याच माणसाची सहा वर्षं त्या गोणपाटात होती.

सरांनी मान वर केली. आजचे आकडे झाले का, असं विचारलं. झाले, ती म्हणाली. मग रोजच्यासारखे आहेत ना, म्हणून त्यांनी हसत पुढची जुडी उचलली.

तिनं वही पुढे केली नाही. वही मागाहून देता आली असती. आधी ते वाक्य होतं, सोळा वर्षं घासून घासून पुसलेलं, आणि ते आता जिभेवर आलं तेव्हा तिला वाटलं होतं तसं कडू लागेना.

“सर, माझ्या हाताला वास येतो.”

सरांना काही कळलं नाही. ते जुडी धरून तसेच तिच्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या कपाळावर एक आठी, रागाची नाही, न समजल्याची, हळूहळू उमटू लागली. आता ते विचारतील, कसला वास? आणि मग सगळंच सांगावं लागेल — लोणचं, मोहरी, आई, सिद्धू, दस्तगीरची गाडी — आणि मधे कुठेतरी ते समजतील, आणि त्यांचा चेहरा बदलेल, आणि तो बदललेला चेहरा आपल्याला बघावा लागेल. कागदावर सही होईल की नाही, या जुड्या उद्या कुठे जातील, ते तिला ठाऊक नव्हतं. गोणपाटातून पाणी ठिबकत होतं. तिनं उजवा हात त्यांच्यापुढे धरला, उघडा, बोटं लांब केलेली, आणि सर काय विचारतात याची वाट पाहू लागली.